मावशींना घेऊन जुन्या गोव्याला

बेळगावच्या कॅम्पात आमच्या शेजारच्या मावशी कॅथलिक, मी घरी गणपती बसवणारी. जुन्या गोव्यात जपून ठेवलेलं सेंट फ्रान्सिस झेवियर या संताचं शव दहा वर्षांतून एकदा लोकांना जवळून बघायला ठेवतात, तेच शवप्रदर्शन. २०१४ ला त्या काकांबरोबर गेल्या होत्या. २०२४ च्या डिसेंबरात काका नव्हते, गुडघा बोलत होता, म्हणून सोबतीला मी.

सकाळी सहाची बस. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ल्याची वळणं. रस्त्याबद्दल न बोललेलं बरं. मावशींनी मागून घेतलेली कॅरीबॅग साखळी येईपर्यंत हातातच होती. पणजीहून जुनं गोवं जेमतेम दहा किलोमीटर.

तिथं घोळ मी घातला. "बाळ, सायब आता से कॅथेड्रलात असतोय," असं मावशी दोनदा म्हणाल्या (सायब म्हणजे झेवियर), तरी मी त्यांना बॉम जेझू चर्चच्या रांगेत उभं केलं. एरवी शव तिथंच असतं ना! गिलावा काढलेला तांबडा जांभा आपल्या खानापूरकडच्या जुन्या घरांसारखा दिसतो, तो बघत अर्धा तास गेला. आत टस्कनीच्या ड्यूकनं पाठवलेला संगमरवरी चौथरा होता, सायब नव्हता. मावशी काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

रस्ता ओलांडून से कॅथेड्रल. मंडपात दोन तास रांग. सायब ३ डिसेंबर १५५२ ला चीनजवळच्या बेटावर वारला, १५५४ मध्ये शव गोव्यात आलं, १६१४ ला उजवा हात रोमला नेला, हे सगळं मावशी तोंडपाठ सांगत होत्या. एका बाईनं पायाचं बोट चावून नेलं म्हणतात, तीही गोष्ट झाली. शेवटी एका स्वयंसेवकानं काठी बघून आम्हाला बाजूनं आत सोडलं. काठी असेल तर ती लपवू नका.

काचेपाशी फार तर अर्धा मिनिट मिळालं. जरीचा झगा, सुकून तपकिरी झालेला चेहरा, पायाची बोटं. मावशींनी मुठीतली जपमाळ घट्ट धरली होती, मणी तळव्यात रुतले होते. मीही हात जोडले. दुसरं काय करणार?

बाहेर मेणाचे हात, पाय, मुलं विकायला होती. आपल्याकडं नवसाला चांदीचे डोळे वाहतात तसंच. मावशींनी पाय घेतला, घासाघीस करून, आणि वाहिला.

जाणार असाल तर रविवार टाळा. बिनबाह्यांचे कपडे, हाफ पँट चालत नाहीत.

परतताना खाज्याचा पुडा घेतला होता घरच्यांसाठी. जांबोटीला चहाला थांबलो तेव्हा मावशींनी तो फोडला, आणि बेळगाव येईपर्यंत तळाला नुसता गुळाचा चुरा उरला.