टाकीत आधी वनस्पती, मग मासे

आमच्या पुण्याच्या घरी आलेली पहिली टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच होती. तळाची खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता तिच्यात साधारण ५५ लिटर पाणी बसत असे. दुकानदाराने टाकीबरोबर पांढरी संगमरवरी खडी, प्लॅस्टिकची झाडे आणि एक एअर पंप दिला. क्लोरीन उडून जावे म्हणून नळाचे पाणी दोन दिवस उघडे ठेवून मग त्यात बारा गप्पी सोडल्या. आठव्या दिवशी पहिली गप्पी गेली आणि पंधरवड्यात सात गेल्या. पाणी इतके नितळ होते की दोष पाण्यात असेल, अशी शंकाही मला आली नाही.

टेस्ट किट आणून पाणी तपासले तेव्हा अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम निघाला. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो, आणि जुन्या टाकीत जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग त्यामानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आम्ही तर दोनच दिवसांत मासे सोडले होते. त्यात पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-क्षारतेचे माप, ८ च्या वर गेलेला होता. खडीच्या एका तुकड्यावर व्हिनेगर टाकले तर ते फसफसले, म्हणजे खडी हळूहळू विरघळून पाणी अधिक क्षारयुक्त करीत होती. पीएच आणि तापमान जितके चढे, तितका अमोनियाचा विषारी अंश अधिक, हे तेव्हा कळले. खडी काढून टाकली, धुतलेली काळी वाळू घातली, आणि रोज एक तृतीयांश पाणी बदलत उरलेल्या पाच गप्पी कशाबशा वाचवल्या.

जिवंत वनस्पती टाकीत आल्या त्या या अडचणीतून. शोभेचा विचार तेव्हा मनातही नव्हता. सुरुवात हॉर्नवर्टपासून केली. या वनस्पतीला मुळे नसतात. ती आपले अन्न थेट पाण्यातून घेते आणि झपाट्याने वाढते. बहुतेक जलवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम, म्हणजे अमोनियाचेच पाण्यातले एक रूप, आधी उचलतात, कारण नायट्रेट घेतले तर वापरण्यापूर्वी त्याचे पुन्हा अमोनियम करण्यात त्यांची ऊर्जा खर्च होते. म्हणजे माशांना जे विष, तेच वनस्पतीचे पहिल्या पसंतीचे खत. हॉर्नवर्टच्या पाच-सहा फांद्या सोडल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात किटमधला अमोनियाचा रंग बदलेनासा झाला. त्यात पाणी बदलण्याचा आणि जिवाणूंचाही वाटा होता, पण त्या दिवसांत फांद्या ज्या वेगाने वाढत होत्या, ते पाहून त्यांचे काम डोळ्यांना दिसत होते.

त्यानंतर वालिसनेरिया, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरिन आणले. जावा फर्नचा आडवा कंद मी वाळूत पुरला आणि तो कुजला. तो लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायचा असतो. क्रिप्टोकोरिनची पाने आठवडाभरात काचेसारखी पारदर्शक होऊन गळून पडली. मी एक रोप मेले समजून उपटले, तर खालची मुळे पांढरी आणि टणक होती. रोपवाटिकेत ही रोपे बरेचदा पाण्याबाहेर वाढवतात, त्यामुळे पाण्यात आल्यावर जुनी पाने टाकून ती नवी पाने काढतात. बाकीची रोपे तशीच राहू दिली आणि महिनाभराने प्रत्येकाच्या मधोमध तपकिरी रंगाचे, घट्ट गुंडाळलेले नवे पान वर आले. क्रिप्टोकोरिनची एक जात आपल्या कोकणातल्या आणि घाटातल्या ओढ्यांत आपोआप उगवते. मात्र तिथली रोपे उपटून आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला सर्वात जास्त शिकवले ते एप्रिलमधल्या एका पहाटेने. वनस्पती जोमाने वाढाव्यात म्हणून मी साखर आणि यीस्टची बाटली करून तिच्यातला कार्बन डायऑक्साइड नळीने टाकीत सोडला होता, आणि बुडबुड्यांनी तो वायू उडून जाऊ नये म्हणून एअर पंप बंद ठेवला होता. दुपारी हॉर्नवर्टच्या टोकांवरून प्राणवायूच्या बारीक बुडबुड्यांची माळ सुटायची, ती पाहून समाधान वाटत असे. पहाटे पाचला सासूबाईंनी हाक मारली, "अगं, लवकर ये, मासे सगळे वर येऊन तोंडं उघडतायत बघ." साऱ्या गप्पी पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होत्या. वनस्पती प्रकाशात प्राणवायू देतात, पण श्वसन त्या रात्रंदिवस करतात, आणि अंधारात माशांप्रमाणेच प्राणवायू खर्च करतात. यीस्ट तर रात्री थांबत नाही. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो आणि ३० अंशांना साडेसात. आमची टाकी त्या दिवसांत ३० च्या पुढे होती. पंप सुरू केला, बाटली काढून टाकली, आणि अर्ध्या तासात मासे खाली उतरले. वनस्पती आहेत म्हणून पंप नको, हा सल्ला मला अनेकांनी दिला होता. उन्हाळ्यात तरी तो कोणी ऐकू नये. आता रात्रभर पंप चालतो, आणि बाटली मी पुन्हा लावली नाही.

दिवा आधी अकरा तास चालू असे, त्यामुळे काचेवर आणि पानांवर शेवाळ चढले. वेळ सात तासांवर आणल्यावर ते ओसरले.

दर रविवारी पिवळी पाने आणि हॉर्नवर्टची वाढलेली टोके कापते. हे काम टाळून चालत नाही, कारण पान टाकीतच कुजले तर त्याने शोषलेला नत्र पुन्हा पाण्यात उतरतो. कापून बाहेर काढले तरच तो टाकीतून खऱ्या अर्थाने जातो. कापलेले सारे कुंड्यांत घालते, नाल्यात किंवा नदीत कधीही टाकत नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने मुळा-मुठेचे काय केले, ते आपण दर वर्षी पाहतोच.

आता दुसरी टाकी मांडली आहे. तिच्यात पहिल्या दिवसापासून वालिसनेरिया आणि हॉर्नवर्ट आहेत, जिवाणूंसाठी रोज चिमूटभर खाद्य पडते, आणि मासा एकही नाही. घरी येणारे रिकामी टाकी का ठेवली म्हणून विचारतात. काल पाचवा आठवडा संपला; अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि वालिसनेरियाच्या धुमाऱ्याला वाळूतून तिसरे पिल्लू फुटले आहे. रविवारी तिच्यात सहा गप्पी सोडणार आहे.