डक ब्रूकचा पूल खाली उतरून बघा

पूल ओलांडला म्हणजे पूल पाहिला असं होत नाही, आणि डक ब्रूकला तर हे फारच खटकतं. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानात, बार हार्बर गावाच्या मागच्या अंगाला, डक ब्रूक नावाच्या ओढ्यावर हा तीन कमानींचा पूल आहे. सायकली येतात, कठड्यापाशी एक फोटो होतो आणि मंडळी पुढे निघतात. वरून दिसतो फक्त खडीचा रस्ता आणि दोन बाजूंचे कठडे. सगळी कारागिरी खाली आहे.

कडेच्या पायऱ्यांनी ओढ्यापर्यंत उतरता येतं. ओली पानं पडलेली असली की पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून सायकलीचे गुळगुळीत तळाचे बूट इथे कामाचे नाहीत. खाली पोहोचल्यावर आधी कमानीची कड बघावी. तिथले दगड पाचरीसारखे, एका बाजूला निमुळते घडवलेले आहेत. वरच्या भिंतीचे चिरे मात्र खडबडीत, खाणीतून निघाल्यासारखे ठेवले आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर गुलाबी-करड्या ग्रॅनाइटचे जाड कण दिसतात आणि त्यांवर दगडफुलाचे वाटोळे डाग.

हा पूल १९२९ सालचा. याच वर्षी उद्यानाला अकेडिया हे नाव मिळालं. त्याआधी ते लाफायेत होतं. मोटारींपासून दूर, घोडागाडीतून फिरता यावं म्हणून तेलसम्राट रॉकफेलरांचे चिरंजीव जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी १९१३ ते १९४० या काळात, उद्यानाचा बहुतेक भाग ज्यावर आहे त्या माउंट डेझर्ट बेटावर हे खडीचे रस्ते बांधून घेतले. त्यांतलाच हा एक पूल. रस्त्याच्या कडेला ओळीने रोवलेल्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांना लोक ‘रॉकफेलरचे दात’ म्हणतात.

आता ज्यावरून नाकं मुरडली जातात ती गोष्ट. भार पेलते ती आतली सळईची काँक्रीट कमान. दगड हा दर्शनी थर आहे. ‘म्हणजे नुसता मुलामा’ असं ऐकलं की मला राग येतो. असा थर बांधणं सोपं काम नाही. दगड मागच्या काँक्रीटशी घट्ट बांधला गेला पाहिजे, शिवाय कमानीच्या वळणाशी प्रत्येक चिऱ्याचा कोन जुळला पाहिजे. सळईच्या काँक्रीटशिवाय उभा असलेला पूल बघायचा असेल तर याच उद्यानातल्या बबल पाँडला जा, तो १९२८चा.

असे पूल खराब होतात ते बहुतेक वेळा पाण्याने. रस्त्यावरचं पाणी खडीतून आत झिरपतं, काँक्रीटमधला चुना विरघळवून दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, बाहेर येतं आणि वाळल्यावर पांढरे ओघळ राहतात. मेनच्या हिवाळ्यात तेच पाणी दगडामागे गोठतं, फुगतं आणि तो दगड पुढे ढकलतं. त्यामुळे पाणी बाहेर पडायची छिद्रं मोकळी असणं फार महत्त्वाचं. त्यांत पालापाचोळा बसला की भिंत फुगायला लागते. दरजा पुन्हा भरताना मसाला दगडापेक्षा कडक झाला तर ताण दगडावर येतो आणि त्याच्या कडा उडतात. १९९२ ते १९९५ दरम्यान सरकारी पैसा आणि देणग्या यांतून या रस्त्यांची मोठी दुरुस्ती झाली. १६ फूट रुंदीचे हे रस्ते मध्ये उंच आणि कडांना उतरते आहेत, तेही पाण्यासाठीच.

आजूबाजूला बर्च आणि अ‍ॅस्पेन आहेत, कारण ऑक्टोबर १९४७च्या वणव्यात बेटाचे १७,००० एकरांहून जास्त जळले आणि जुन्या सूचीपर्णींच्या जागी ही झाडं आली. शरद ऋतूतला रंग त्यांचाच.

बाकीचे पूल मी भराभर उरकले, पण वॉटरफॉल ब्रिजबद्दल एक सांगायला हवं. तो १९२५चा, आणि त्याच्यावर उभं राहून समोरचा धबधबा दिसतो. उन्हाळा संपत आला की तिथे पाण्याची बारीकशी धारच उरते, तेव्हा पावसानंतर जाणं बरं. ईगल लेकच्या पुलाची कमान टोकदार आहे. तिच्याखालून घोडागाडीचा रस्ता जातो, वरून मोटारी.

डक ब्रूकला गाडी लावायला जागा फारच थोडी आहे. जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बेटावर फुकट बस फिरते, तिचा उपयोग करावा. हल्स कोव्हच्या माहिती केंद्राकडून सायकलने यायचं तर सुरुवातीचा चढ छोटा पण दमवणारा आहे. चौकाचौकांत नंबरच्या पाट्या आहेत. पुलापाशी ५ नंबर. नकाशा जवळ असू द्या, म्हणजे नंबर जुळवून बघता येतात. पातळ टायरची सायकल खडीवर घसरते. घोडा समोर आला तर थांबायचं, चालणाऱ्यांनाही आधी वाट द्यायची. वसंतात बर्फ वितळून रस्ते चिखलमय होतात तेव्हा ते सगळ्यांसाठीच बंद ठेवले जातात, चालणाऱ्यांसाठीसुद्धा. त्या दिवसांत जायचं असेल तर आधी चौकशी करून मगच निघा.