टी विरुद्ध आर: निळ्या चौकोनाचं कोडं सुटलं

सुटलं एकदाचं! हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणारं, दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचं प्रथिन. त्याच्या ऑक्सिजन नसलेल्या (टी) आणि असलेल्या (आर) रचनांच्या फरक-नकाशातला अल्फा१-बीटा२ चा चौकोन काल रात्री पहिल्यांदा दोन रंगांत उमटला, आणि जे दिसायला हवं होतं ते अगदी जागच्या जागी दिसलं.

मागच्या नोंदीतलं चित्र आठवत असेल. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन (प्रथिन-रचनांच्या पीडीबी संग्रहातला क्रमांक २एचएचबी, सूक्ष्मता १.७४ आंगस्ट्रॉम) आणि ऑक्सिजन धरलेलं (१एचएचओ, २.१ आंगस्ट्रॉम), या दोघांचे कॉन्टॅक्ट मॅप (कोणती अमिनो आम्लं एकमेकांजवळ आहेत याचे नकाशे) काढून एकमेकांतून वजा केले होते. निळा ठिपका म्हणजे फक्त टी स्थितीत असलेला संपर्क, तांबडा म्हणजे फक्त आर मधला. अल्फा१-बीटा१ चा भाग जवळपास पांढरा आला. ते बरोबरच होतं, कारण ती जोडी घट्ट असते, ऑक्सिजन आला-गेला तरी फारशी हलत नाही. पण अल्फा१-बीटा२ चा चौकोन सगळाच्या सगळा निळा! म्हणजे टी मधले सगळे संपर्क तुटले आणि आर मध्ये त्यांच्या जागी नवा एकही जुळला नाही. असं कसं होईल? अल्फा-बीटाच्या दोन जोड्या एकमेकींच्या तुलनेत साधारण १५ अंशांनी फिरतात, चार साखळ्यांचा रेणू फुटून विखुरत नाही.

पहिला संशय अर्थातच कटऑफवर, म्हणजे किती अंतरापर्यंत संपर्क मानायचा त्या मर्यादेवर. सीबीटा (अमिनो आम्लाच्या साइड चेनचा, म्हणजे बाजूच्या शाखेचा, पहिला कार्बन) ते सीबीटा ८ आंगस्ट्रॉम (ग्लायसीनला सीबीटा नसतो, तिथे कण्यातला सीअल्फा) हा नेम मी सुरुवातीपासून धरला होता. तो सोडून हायड्रोजन वगळता कुठलेही दोन अणू ४.५ आंगस्ट्रॉमच्या आत, असा नेम लावून पाहिला. ठिपके विरळ झाले, पण रंग निळाच. या खटाटोपातून एक मत मात्र पक्कं झालं. साखळी आतल्या आत कशी घडी घालते हे पाहायचं तर सीबीटा ८ उत्तम. दोन साखळ्यांच्या सीमेवर काय चाललंय हे पाहायचं तर ४.५ वाला नेमच लावावा. सीमेवरचे बदल साइड चेनच्या टोकांशी होतात. तिथे टायरोसीनचा हायड्रॉक्सिल इकडून तिकडे गेला तरी सीबीटाला त्याचा पत्ता नसतो.

दुसरा संशय फाइलवर. १एचएचओच्या स्फटिकात असममित एककात (ज्याच्या पुनरावृत्तीतून स्फटिक उभा राहतो त्या सर्वांत लहान भागात) एकच अल्फा-बीटा जोडी आहे, दुसरी जोडी स्फटिकाच्या सममितीतून उभी करावी लागते. २एचएचबीमध्ये चारही साखळ्या मुळातच असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. म्हणून तर १एचएचओची साधी फाइल न घेता जैविक असेंब्लीची (प्रत्यक्ष काम करणाऱ्या पूर्ण रेणूची) फाइल घेतली होती. ओळी मोजल्या, अणू दुप्पट होते. मग घोडं अडलं कुठे?

रेणू पाहण्याच्या पायमॉल या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून बराच वेळ नुसता रेणू फिरवत बसलो होतो. चुकून उजव्या बाणाची कळ दाबली गेली आणि पडद्यावरचे दोन्ही हीम (ऑक्सिजन धरणारे लोहयुक्त गट) टुणकन दुसऱ्या बाजूला गेले. पुन्हा दाबली, परत आले. कोपऱ्यात बघतो तर स्टेट १/२. तिथेच सगळं लख्ख झालं. जुन्या पीडीबी स्वरूपाच्या असेंब्ली फाइलमध्ये दोन जोड्या एकाशेजारी एक ठेवलेल्या नसतात, त्या मॉडेल १ आणि मॉडेल २ म्हणून लिहिलेल्या असतात, आणि दोन्हींत साखळ्यांची नावं तीच: ए आणि बी. एनएमआरच्या (स्फटिकाऐवजी चुंबकीय अनुनादाने काढलेल्या) रचनांमध्ये मॉडेल म्हणजे एकाच रेणूच्या पर्यायी आवृत्त्या, त्यामुळे बायोपायथॉन ही पायथॉनची लायब्ररी मॉडेलं वेगवेगळी ठेवते आणि शेजार शोधताना सहसा एकाच मॉडेलचे अणू दिले जातात. त्या शोधाच्या दृष्टीने अल्फा१ आणि बीटा२ एका जगात नव्हतेच. सगळे अणू फाइलमध्ये हजर, तरी चौकोन निळा, तो यामुळे.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे फाइलमधल्या रिमार्क ३५० या नोंदीतल्या (असेंब्ली कशी बांधायची ते तिथे असतं) मॅट्रिक्स घेऊन दुसरी जोडी स्वतः फिरवायची आणि तिला सी, डी अशी नावं द्यायची. दुसरा, एमएमसीआयएफ (पीडीबीचं नवं स्वरूप) फाइल घेऊन जेमी लायब्ररीकडून असेंब्ली बांधून घ्यायची. ती नव्या साखळ्यांना आपोआप वेगळी नावं देते. मी दोन्ही करून पाहिलं, उत्तर तेच आलं. यापुढे माझ्याकडे एकाहून जास्त साखळ्यांच्या रचनेला जुनं पीडीबी स्वरूप बंद. जेमी वेगवान आहे, सममितीचं सगळं गणित तिला येतं, आणि अशा कामाला तिच्याइतकं नेटकं दुसरं काही मी वापरलेलं नाही. चित्रांसाठी मात्र पायमॉलच आवडतं. कायमेराएक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरची संपर्क शोधणारी आज्ञा ठरावीक अंतराऐवजी व्हॅन डर वाल्स त्रिज्यांच्या (अणूंच्या आकाराच्या) आच्छादनावर चालते. गंधकाच्या अणूला न्याय द्यायचा तर तीच पद्धत रास्त, म्हणून पडताळणीला ती ठेवलीय.

आणखी एक खबरदारी. साखळीच्या अक्षरावरून कोण कुणाचा जोडीदार हे मी गृहीत धरत नाही, संपर्कावरून ठरवतो. ज्या जोडीत अल्फाचा हिस्टिडीन १०३ (आकडा म्हणजे साखळीतला अमिनो आम्लाचा क्रमांक) बीटाच्या अ‍ॅस्परजीन १०८ ला भिडतो ती अल्फा१-बीटा१. जिथे बीटाचा ट्रिप्टोफॅन ३७ अल्फाच्या ९४-९५ पाशी बसतो ती अल्फा१-बीटा२.

आता निकाल. निळ्यात ठसठशीत उठून दिसतो तो अल्फा टायरोसीन ४२ आणि बीटा अ‍ॅस्पार्टेट ९९ यांचा हायड्रोजन बंध. तांबड्यात अल्फा अ‍ॅस्पार्टेट ९४ आणि बीटा अ‍ॅस्परजीन १०२. पाठ्यपुस्तकात टी आणि आर ची ओळख म्हणून छापतात तीच जोडगोळी, इथे आपल्या हाताने काढलेल्या नकाशात! आणि बीटा हिस्टिडीन ९७ तर पाहतच राहावा. टी मध्ये तो अल्फाच्या थ्रिओनीन ४१ आणि प्रोलीन ४४ यांच्यामध्ये असतो, आर मध्ये थ्रिओनीन ३८ आणि ४१ यांच्यामध्ये. शिडीची एक पायरी उतरावी तसा तो सी हेलिक्सचा (अल्फा साखळीतल्या एका सर्पिल भागाचा) जवळपास एक वळसा ओलांडतो. अधलीमधली जागाच नाही, म्हणून रेणू एक तर इकडे नाही तर तिकडे. हे वाक्य वाचलं अनेकदा होतं, पण नकाशात निळ्या ठिपक्यांशेजारी तांबडे ठिपके सरकलेले बघितल्यावर ते खरं कळलं.

सॉल्ट ब्रिजचं (विरुद्ध भारांच्या गटांमधल्या पुलांचं) काम अजून अर्धवट आहे. हिमोग्लोबिनची रचना उलगडणाऱ्या पेरुत्झ यांनी १९७० साली मांडलेले टी मधले पूल शोधायला नायट्रोजन-ऑक्सिजन ४ आंगस्ट्रॉमच्या आत हा नेम लावला. बीटा हिस्टिडीन १४६ ते अ‍ॅस्पार्टेट ९४ लगेच सापडला, अल्फा आर्जिनीन १४१ ते समोरच्या अल्फाचा अ‍ॅस्पार्टेट १२६ हाही. राहिले ते साखळीच्या शेपटीचे, म्हणजे आर्जिनीन १४१ च्या शेवटच्या कार्बॉक्सिलपासून समोरच्या लायसीन १२७ पर्यंतचा, आणि हिस्टिडीन १४६ च्या कार्बॉक्सिलपासून लायसीन ४० पर्यंतचा. अ‍ॅस्पार्टेट-ग्लुटामेट अशी यादी घेऊन शोधणारी कुठलीही स्क्रिप्ट हे गाळणारच, कारण इथे ऋण भार असतो तो साइड चेनवर नाही, साखळीच्या टोकाच्या ओएक्सटी या ऑक्सिजन अणूपाशी असतो. साखळीचं पहिलं आणि शेवटचं अमिनो आम्ल वेगळं काढून त्यांचे भार यादीत घालणं एवढंच करायचंय. आर मध्ये ही टोकं मोकळी असतात, तेव्हा तिथले बी-फॅक्टर (अणूची जागा किती डळमळीत आहे त्याचं माप) पाहिल्याशिवाय अंतरावर विश्वास टाकू नका.

यानंतर टी आणि आर च्याच २डीएन२ आणि २डीएन१ या रचना घ्यायचं ठरलं होतं. दोन्ही १.२५ आंगस्ट्रॉमच्या, म्हणजे हाच नकाशा जास्त रेखीव निघाला असता. पण हे लिहिता लिहिता वेगळंच डोक्यात आलंय. सममितीतून असेंब्ली बांधता येते, तर स्फटिकातले शेजारीही बांधता येतील. मग सिकलसेल आजारातल्या हिमोग्लोबिनची २एचबीएस ही रचना का घेऊ नये? तिच्यात ग्लुटामेट ६ च्या जागी आलेला व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवरच्या फेनिलअ‍ॅलानीन ८५ आणि ल्युसीन ८८ यांच्या खोबणीत शिरतो, आणि तिथूनच तंतू वाढत जातात. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत किती घरांत हा आजार आहे हे आपल्याला माहीत आहे. त्याच्या मुळाशी असलेला संपर्क आपल्या नकाशात उमटायलाच हवा. तेव्हा २डीएनची जोडी मागे, २एचबीएस पुढे.

तिथे दोन अडचणी आत्ताच दिसताहेत. एक क्रमांकांची: जनुकशास्त्राच्या नोंदींत सुरुवातीचा मेथिओनीन धरून हाच बदल ७ व्या जागी लिहितात, म्हणून दोन्ही क्रमांक शेजारी ठेवणारा तक्ता आधी करतोय. दुसरी मोठी: असममित एककातच दोन पूर्ण टेट्रामर (चार साखळ्यांचे रेणू) आहेत, त्यात प्रत्येकाच्या दोन व्हॅलीनपैकी एकच त्या बाजूच्या संपर्कात असतो. म्हणजे रेणूच्या आतले, दोन टेट्रामरमधले आणि स्फटिकाच्या शेजाऱ्यांशी असलेले, असे संपर्कांचे तीन थर वेगळे ठेवावे लागतील. एकाच नकाशात तीन रंग की तीन नकाशे, हे ठरत नाहीये. कुणी स्फटिकातल्या संपर्कांचा नकाशा वाचता येईल असा काढला असेल तर नक्की दाखवा. तोवर ओएक्सटीचं काम उरकून घेतो.