तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरी चिनी मातीची ताटं काहून नाहीत

दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. मुलाचे पुण्याकडचे मित्र येतात, फडताळातल्या बरण्यांचे फोटो काढतात आणि जेवायला स्टीलची ताटं मांडली की म्हणतात, "काकू, एवढ्या छान चिनी मातीच्या बरण्या आहेत, मग ताटं का नाहीत त्यातली?" मी आजवर "फुटतात बाबा" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं नाही. पण खरं उत्तर लांबचं आहे आणि ते जेवणाच्या पंगतीत सांगण्यासारखं नाही.

आधी बरणीचं सांगते. आमच्या आर्वीकडच्या गावात लोणचं घालणं म्हणजे एक सणच. कैरीच्या फोडी, मीठ, मोहरीची डाळ, वरून तेल. हे पितळेत ठेवलं तर कळकतं. कल्हई केली तरी आंबट तिला किती दिवस टिकू देणार? कुंभाराच्या गाडग्यात ठेवलं तर मीठ आणि तेल भिंतीतून बाहेर झिरपतं. कुंभाराचा आवा आठशे-नऊशे अंशांच्या आसपास तापतो. त्या आंचेत माती पक्की होते, पण तिच्यातली बारीक छिद्रं बुजत नाहीत. त्या छिद्रांतूनच पाणी पाझरतं, वाऱ्याने उडतं, म्हणून आमच्या मे महिन्यात माठातलं पाणी गार लागतं. माठाचा जो गुण, तोच लोणच्याचा काळ. बरणीची माती वेगळी आणि आंचही वेगळी, 1200 अंशांच्या पुढची. तिथे मातीतली काही खनिजं वितळतात आणि माती काचेसारखी एकजीव होते. जुन्या काही भट्ट्यांत तर भांडी तापली की आत चक्क मीठ फेकत. त्याची वाफ मातीशी मिळून भांड्यावर काचेचा थर धरते. मिठाच्याच झिलईने मिठाचं लोणचं सांभाळायचं, हे मला फार आवडतं.

नावात चीन आहे ते उगाच नाही. चीनमधल्या जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग नावाच्या डोंगरावरून या भांड्यांच्या पांढऱ्या मातीला केओलिन म्हणतात. युरोपला तसली पांढरी भांडी करायची विद्या साधायला अठरावं शतक उजाडलं. जर्मनीत माइसेनचा कारखाना 1710 मध्ये सुरू झाला. आपल्याकडे बरण्यांसाठी उत्तर प्रदेशातलं खुर्जा प्रसिद्ध. आणि आपल्या विदर्भातच, भद्रावतीला, कृष्णमूर्ती मिरमिरांच्या ग्रामोदय संघाने कुंभारांसाठी मोठं काम केलं, हे पुण्याच्या पोरांना सांगितलं की ते लगेच फोनवर शोधायला लागतात.

तर ही बरणी आमच्या घरातली सगळ्यांत सोवळी वस्तू. तोंडाला दादरा बांधलेला, ओला हात चालायचा नाही, आणि पाळी असलेल्या बाईने तर तिच्या सावलीलाही जायचं नाही. सासूबाई अंघोळ करून, ओल्या केसांनी बरणी उघडायच्या. (लोणचं बुरसतं ते ओल्या चमच्याने, बाईने नाही, हे मी त्यांना एकदा म्हटलं होतं. पुढचे दोन दिवस घरात शांतता होती.)

आता कपबशी. तीही चिनी मातीचीच, तीच चकाकी, तीच आंच. पण ती स्वयंपाकघरात यायची नाही. "हाडं घालतात म्हणे त्याच्यात," सासूबाई म्हणायच्या. ती ऐकीव गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या शेवटी जोसाया स्पोडने बोन चायना नावारूपाला आणली. तिच्यात निम्म्याच्या आसपास जनावरांच्या हाडांची राख असते. आमच्या आठवडी बाजारातल्या कपबशा त्या जातीच्या असतील असं मला वाटत नाही, पण संशय पुरेसा होता. शिवाय जुना नियम होताच: धातूचं भांडं राखेने, चिंचेने घासलं की शुद्ध, मातीचं उष्टं झालं की टाकून द्यायचं. म्हणून कुंभाराची भांडी पाण्याला, पूजेला आणि मरणाला. आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांसाठी करा-केळी भरायची, अंत्ययात्रेत मडकं फोडायचं. जेवायला पळसाची पत्रावळ, नाहीतर पितळेचं ताट.

गंमत म्हणजे आमच्याच भागातली माणसं एके काळी मातीच्या वाडग्यांतच जेवत असणार. नागपूरजवळच्या माहूरझरी, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांचं रिंगण घातलेल्या जुन्या दफनांत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली काळी-तांबडी भांडी निघाली आहेत. आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी. भट्टीत पालथी ठेवली की आत हवा पोचत नाही, म्हणून तो काळा रंग. मेलेल्या माणसाबरोबर त्याचा वाडगा ठेवत. उष्ट्याचा विटाळ त्यांना ठाऊक होता की नाही, कोण जाणे.

तर आमच्या घरात कपबशा दोन प्रकारच्या. पाहुण्यांच्या फुलाफुलांच्या, बैठकीच्या कपाटात. आणि एक कान तुटलेला कप, बशीला तडा गेलेला, गोठ्याच्या कोनाड्यात. तो आमच्या सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचा. चहा मी वरून ओतायची, कपाला किटली लागू न देता. ते चहा बशीत ओतून प्यायचे, स्वतः विसळायचे, पुन्हा पालथा घालून ठेवायचे. चिनी माती न शोषणारी, न झिरपणारी, आणि विटाळ मात्र तिच्यातून झिरपायचा! अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा 1955 चा. हॉटेलातली भांडी कोणाला वापरू न देणं हा त्यात स्पष्ट गुन्हा आहे. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा त्याला वीसेक वर्षं झाली होती. चौकात चहाच्या टपरीवरही निराळा कप असायचा. घरातल्या गोठ्यात कोण बघायला येणार होतं? आणि ओतणारी मी होते, सासूबाई नव्हेत. हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

सासूबाई गेल्यावर मी तो कप काढून टाकला. वाजतगाजत नाही, गुपचूप; उकिरड्यावर. दुसऱ्या दिवशी सालदारांना फुलांच्या कपात चहा दिला. त्यांनी कोनाड्याकडे पाहिलं, कप हातात धरला, आणि प्यायल्यावर विसळायला उठले. मी म्हटलं, "काकाजी, राहू द्या." ते थांबले नाहीत.

मागे मुलाने सहा जणांचा चिनी मातीचा सेट आणला. खोक्यातच आहे अजून. भाकरी त्यात लवकर गार होते, ठेवायला जागा नाही, ही कारणं मी त्याला सांगितली आहेत.

काकाजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. लेक शिक्षक झाला, त्याच्याकडे असतात, पण पोळ्याला येतात. यंदा मी विचारलं, कपात देऊ का?

"नको बाई," म्हणाले, "मले स्टीलच्या गिलासात द्या."