ताप १०२, ऊन ४५

नागपुरात माझं औषधांचं दुकान आहे आणि काउंटरवर हा प्रश्न नेहमीचाच: ऊन सेल्सिअसमध्ये, मग ताप फॅरनहाइटमध्ये का? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

सुरुवात बहुधा तक्रारीनेच होते. "भाऊ, हे थर्मामीटर बिघडून आहे. पोरगी भट्टीसारखी तापली अन् हे नुसते ३९ दाखवते!" मी म्हणतो, काकू, ३९ म्हणजे १०२ च्या वर. चेहरा लगेच उतरतो. ताप तोच, पण ३९ ची भीती वाटत नव्हती. कशी वाटेल? इथे ३९ म्हणजे एप्रिलमधली साधी दुपार. हवामान खातंसुद्धा सपाट प्रदेशात पारा निदान ४० ला पोचल्याशिवाय उष्णतेची लाट म्हणत नाही. अंगात मात्र ४० म्हणजे १०४, तेव्हा डॉक्टरच गाठायचा.

कारण सरळ आहे. ताप मोजायची पाऱ्याची नळी इंग्रजांच्या काळापासून फॅरनहाइटची. स्वातंत्र्यानंतर दशमान पद्धत आली, हवामानाचे आकडे सेल्सिअसमध्ये गेले, पण डॉक्टरांच्या कागदावरचा आणि घरातल्या बोलण्यातला ताप होता तिथेच राहिला.

माझं मत विचाराल तर बरंच झालं. ३७.२ आणि ३७.८ कानाला सारखेच वाटतात. ९९ आणि १०० नाही. फॅरनहाइटचा अंश लहान, त्यामुळे दशांशाच्या भानगडीत न पडता ताप चढला-उतरला कळतो. तसं दोन्ही मापं माणसांनी ठरवलेलीच. फॅरनहाइटने १७२४ मध्ये बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणावर शून्य धरलं. सेल्सिअसने १७४२ मध्ये उकळत्या पाण्याला शून्य दिलं आणि बर्फाला १००! पुढे ते उलटवलं, नाहीतर मे महिन्यात नागपूर ५५ वर आणि डिसेंबरच्या थंडीत ९० वर असतं.

आणखी एक. उन्हातून आलेल्याच्या कपाळावर लगेच ती बंदूक रोखू नका, कूलरसमोरून उठलेल्याच्याही नको. ती कातडीची उष्णता वाचते, आणि कपाळ ऊन-वारा लगेच घेतं. थोडा वेळ सावलीत बसवा, मग काखेत थर्मामीटर लावा. ३८ ला १००.४, ३९ ला १०२.२, ४० ला १०४. काउंटरच्या काचेवर लिहून लावलंय, हवं तर फोटो काढून न्या.