देव न मानता सुखी राहता येतं का?

देव न मानणाऱ्याला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं, वरवर मजेत दिसतेस पण आतून शांत नाहीस. म्हणणारं माणूस बहुतेक वेळा प्रेमाचंच असतं त्यामुळे चिडताही येत नाही. पण हा वाद जिंकणं शक्यच नाही हो, कारण मी म्हटलं की मी खरंच सुखात आहे तर उत्तर येतं की ते खरं सुख नव्हे, आणि एखाद्या दिवशी चेहरा पडलेला दिसला की बघ, म्हटलं नव्हतं का! म्हणजे हसले तरी हरले आणि रडले तरी हरले. आता आमच्या बाजूची मंडळी काही कमी नाहीत, श्रद्धाळू माणूस आनंदात दिसला की हा सगळा भ्रम आहे, मनाची समजूत आहे असं म्हणून मोकळे होतात. दुसऱ्याच्या मनात शिरून त्याचं सुख नापास करायचा अधिकार यांना तरी कुणी दिलाय?

म्हणून आधी जे थोडंफार मोजता येतं ते बघू. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये एक रिपोर्ट काढला होता. त्यात अमेरिकेतले जे लोक स्वतःला एखाद्या धर्माचे म्हणवतात आणि महिन्यातून निदान एकदा तरी प्रार्थनेला जातात, त्यांच्यातले ३६ टक्के म्हणाले की आम्ही खूप आनंदी आहोत. कुठलाच धर्म न मानणाऱ्यांमध्ये हा आकडा २५ टक्के. झालं, श्रद्धावाले जिंकले? पण तिसरा एक गट होता, धर्म मानतो म्हणणारा पण प्रार्थनेला क्वचितच जाणारा, आणि त्यांचाही आकडा २५ च. म्हणजे नुसतं मानून काही वाढलं नाही, फरक दिसला तो जाणाऱ्यांमध्ये.

मग जाण्यात असं काय आहे? यावर चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम या दोघा समाज-अभ्यासकांनी २०१० मध्ये एक अभ्यास छापला, तो मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त पटलेला आहे. त्यांना असं दिसलं की नियमित प्रार्थनेला जाणारे लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी असतात ते तिथे त्यांचे जवळचे मित्र असतात म्हणून. जे एकटे जातात आणि कुणाशी जवळीक न होता एकटेच परत येतात, त्यांच्या समाधानात काही खास फरक दिसला नाही. घरी बसून किती प्रार्थना करता, देव जवळ आहे असं किती वाटतं, याचाही वेगळा असा फारसा परिणाम सापडला नाही. पण लगेच टाळ्या वाजवू नका, कारण तिथली मैत्री ही क्लबातल्या मैत्रीसारखीच असते असंही ते म्हणत नाहीत, एकाच गोष्टीवर जीव असलेल्या माणसांची मैत्री जरा वेगळी घट्ट असते आणि हे मी बाहेरून बघूनही सांगू शकते.

फिनलंडचं उदाहरण आमचे लोक फार उत्साहाने देतात. २०१८ पासून वर्षानुवर्षं जागतिक आनंद अहवालात पहिला नंबर, आणि चर्चमध्ये नियमित जाणारे अगदी थोडे. पण त्या अहवालात आनंद असा विचारतच नाहीत, शून्य ते दहा अशी शिडी डोळ्यासमोर आणा आणि तुमचं आयुष्य कुठल्या पायरीवर आहे ते सांगा असं विचारतात. आणि तिथे आजारपण, म्हातारपण, नोकरी जाणं या सगळ्याला सरकार उभं असतं. २०११ मध्ये एड डीनर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच देशांचा डेटा तपासला तेव्हा हेच दिसलं, जिथे जगणं कठीण तिथे श्रद्धाळू माणसं जास्त समाधानी, आणि जिथे बऱ्यापैकी सुरक्षितता आहे तिथे श्रद्धा असो नसो फरक जवळजवळ मिटतो. तेव्हा फिनलंडकडे बोट दाखवून देव सोडा सुखी व्हाल असं सांगणाऱ्यांनी, ज्याच्या पाठीशी कुणीच नाही त्याला हे सांगून बघावं. मला नाही जमणार ते.

आकडे ठीक आहेत पण शेवटी एकेका माणसाचं काय होतं ते महत्त्वाचं. स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम १७७६ मध्ये पोटाच्या आजाराने मरायला टेकला होता, तेव्हा जेम्स बॉसवेल हा लेखक त्याला भेटायला गेला. यात बॉसवेलची उत्सुकता जरा विचित्रच होती, आयुष्यभर श्रद्धेवर प्रश्न विचारलेला माणूस आता तरी डगमगतोय का हे त्याला बघायचं होतं. ह्यूम वाळून गेलेला पण चेष्टामस्करी चालूच, आणि मेल्यावर काहीच उरणार नाही याचं भय वाटत नाही का असं विचारल्यावर त्याचं म्हणणं असं की जन्माआधी नव्हतो याचं वाईट वाटत नाही तसंच हे. अस्वस्थ झाला तो बॉसवेल! पुढे ह्यूमचा मित्र असलेल्या अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथने त्याच्या शांत शेवटाबद्दल एक पत्र छापलं, आणि त्यासाठी त्याला इतक्या शिव्या खाव्या लागल्या की ब्रिटनच्या सगळ्या व्यापारव्यवस्थेवर टीका केली तेव्हाही तेवढ्या पडल्या नव्हत्या, असं त्यानेच नंतर लिहून ठेवलंय. नास्तिक माणूस शांतपणे मेला याचा लोकांना एवढा राग यावा, याची मला गंमत वाटते.

दुसऱ्या टोकाला मदर तेरेसा. त्यांची पत्रं २००७ मध्ये, म्हणजे त्या गेल्यावर दहा वर्षांनी छापून आली, आणि त्यात कितीतरी दशकं देव जवळ असल्याची जाणीवच होत नाही, आत नुसता अंधार आहे असं त्यांनी वारंवार लिहिलेलं सापडलं. श्रद्धा सोडली नाही, काम सोडलं नाही, पण शांतीची गॅरंटी? ती त्यांनाही नव्हती.

मग श्रद्धा नसण्याने काहीच अडत नाही का? अडतं. जवळचं माणूस गेलं की पुन्हा भेट होईल असं मला म्हणता येत नाही, आणि त्याला काही पर्यायही नाही. ते दुःख पूर्ण किमतीला घ्यावं लागतं, त्यात डिस्काउंट नाही. तरी त्याची सवय होते, म्हणजे दुःख कमी होतं असं नाही पण माणूस त्याच्यासकट जगायला शिकतो. आभार कुणाचे मानायचे हा प्रश्न मला कधी फारसा पडला नाही, डॉक्टर असतात, रात्रभर जागलेली नर्स असते, फोन केल्यावर काहीही न विचारता आलेले लोक असतात, आभार मानायला माणसं कमी पडत नाहीत.

मी खरी अडकते ती माफीपाशी. समजा आपण एखाद्याला फार दुखावलं आणि तो माणूसच आता राहिला नाही. श्रद्धाळू माणूस देवासमोर जाऊन रडू शकतो आणि हलका होऊन उठू शकतो, माझ्याकडे त्या जागी कुणीच नाही. स्वतःला माफ करायला शिका असं सेल्फ हेल्पवाले सांगतात, पण आरोपी मीच आणि जज पण मीच, हे कुठलं कोर्ट?

यावर मध्यंतरी वाचताना ज्यू धर्मातली एक गोष्ट मिळाली आणि ती काही डोक्यातून जात नाही. त्यांचा प्रायश्चित्ताचा सर्वात मोठा दिवस म्हणजे योम किप्पुर, पण मिश्ना या त्यांच्या जुन्या ग्रंथात स्पष्ट सांगितलंय की माणसाने माणसाचं जे वाईट केलं ते त्या दिवशी आपोआप धुऊन निघत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. म्हणजे देवसुद्धा परस्पर माफ करत नाही! आणि तो माणूस मेला असेल तर? बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने त्याचाही नियम लिहून ठेवलाय, दहा माणसांना त्याच्या कबरीपाशी घेऊन जा आणि त्यांच्यासमोर बोल की मी देवाचा आणि या माणसाचा अपराधी आहे, याच्याशी असं असं वागलो.

आता कुणी म्हणेल की एवढं आवडलंय तर ठेव ना श्रद्धा. पास्कल या फ्रेंच विचारवंताने १७ व्या शतकात हाच सल्ला दिला होता, विश्वास बसत नसेल तरी बसल्यासारखं वागा, प्रार्थनेला जा, सवयीने मन वळेल. काहींचं वळत असेलही. मला ते जमत नाही, फायद्यासाठी एखादं औषध घेता येतं पण फायदा आहे म्हणून एखादी गोष्ट खरी वाटायला लागत नाही, आणि ज्याच्यावर मनातून विश्वास नाही त्याच्यासमोर गुडघे टेकायचे म्हणजे त्याचाही अपमान आणि आपलाही.

पण ते दहा माणसांचं मात्र देव वगळूनही करता येईल असं मला वाटतं. दहा जण मला जमवता येतील, न कुरकुरता येतील सुद्धा. त्यांच्यासमोर उभं राहून ते मोठ्याने बोलायला श्रद्धा लागते की नुसती हिंमत पुरते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.