आमची वाटचाल : पत्र्याची ट्रंक, चार एमएमची सुई आणि नऊ किलो लोकर

आम्ही दोघी जावा. २०१४ च्या दिवाळीनंतर नाशिकच्या आमच्या गॅलरीत उन्हाला पाठ करून बसायचो आणि क्रोशाच्या कानटोप्या विणायचो, तिथून आमचा हा क्रोशाचा धंदा सुरू झाला. भांडवल म्हणजे सासूबाईंची पत्र्याची ट्रंक भरून लोकर आणि जाऊबाईंच्या आईची स्टीलची सुई, जिचा अंगठा टेकतो तो भाग घासून आरशासारखा झालाय. ती सुई दोऱ्याच्या कामाची, रुमाल-तोरणाची, लोकरीला ती बारीक पडते, पण जाऊबाई अजून कामाला बसताना आधी ती मांडीवर ठेवतात.

पहिली तीन-चार वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये शहरातल्या एका मोठ्या दुकानाने १२० बाळंतविड्यांची ऑर्डर दिली, कुंची, टोपडं, मोजे असा सेट, डाळिंबी रंगात, वर पांढरं फूल. आम्ही उधारीवर लोकर उचलली, गल्लीतल्या सहा जणींना कामाला लावलं, निम्मी मजुरी आधीच दिली. ४० सेट पोचवले आणि डिसेंबरात फोन आला की बस, आता नको. मी दुकानात गेले तर समोरच तोच डाळिंबी रंग, तेच फूल, निम्म्या किमतीत, आणि वर चिठ्ठी 'हॅन्डमेड क्रोशे'! हातात घेऊन उलटं केलं तर आत मशीनच्या विणीच्या सरळ रांगा, क्रोशाचं होतं ते फक्त वरून टाचलेलं फूल. आमचं सॅम्पल दाखवूनच ते करून घेतलं होतं. अहो क्रोशाचं मशीनच नसतं, एकेक टाका हातानेच काढावा लागतो, हे त्या शेठना माहीत नव्हतं असं मी आजही मानत नाही. त्या चाळिसाचे पैसे मिळाले मार्चमध्ये, तेही कापून.

घरात ३५ तयार सेट आणि ९ किलो लोकर पडून. लोकरवाल्याचे फोन. जाऊबाईंनी बांगड्या मोडल्या, मला न विचारता.

त्यातून काढलं ते आमच्या सिस्टरबाईंनी. प्रसूतिगृहात नोकरी केलेल्या, आमच्या अगदी पहिल्या गिऱ्हाईक. त्यांनी दहा सेट रोख नेले, ओळखीच्या बाळंतिणींकडे बाकीचे खपवले, आणि जानेवारीत, निफाडला पारा उतरला होता तेव्हा, येऊन म्हणाल्या, "आता मला तयार नको गं, लोकर नि सुई दे आणि शिकव, रिटायर झाल्यापासून संध्याकाळ खायला उठते." त्यांच्यासाठी जाऊबाईंनी वहीच्या पानावर क्रोशाचे टाके लिहून दिले, साखळी अशी, मुका खांब असा, खांब असा, सोबत शंभर ग्रॅमचा गुंडा, चार एमएमची सुई, खूण लावायला एक सेफ्टी पिन. तेच आमचं हिवाळी किट. त्या नऊ किलोतून ऐंशीच्या वर किटं निघाली आणि उधारी फिटली.

लॉकडाऊनमध्ये मागणी वाढली, नंतर उतरली, चालायचंच.

नवीन शिकणाऱ्यांना सांगते, बारा सुयांचा सेट घेऊ नका, एक चार एमएमची बास. गुंडे घेताना लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, बघा, रंग तोच असला तरी लॉट बदलला की शालीत पट्टा दिसतोच. पहिली साखळी सैल घाला. बाळाच्या मोज्यांना जाळीची वीण नको, बोटं अडकतात, आणि ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका, टाके चपटे होतात ते परत फुगत नाहीत. थंडीत करायला सगळ्यात छान म्हणजे ग्रॅनी स्क्वेअरचं पांघरूण, एकेक चौकोन मांडीत मावतो, जोडत गेलं की ते आपल्याच गुडघ्यांवर पसरत जातं, म्हणजे पुरं व्हायच्या आधीच ऊब द्यायला लागतं. बाजूला चहा असला तर जरा लांब ठेवा, माझी एक पांढरी शाल त्यातच गेली.

सिस्टरबाईंचं असलं तिसरं पांघरूण चालू आहे. यंदा डाळिंबी रंग इतक्या वर्षांनी परत आणलाय, सगळा एकाच लॉटचा, जाऊबाईंनी स्वतः जाऊन निवडला. भाऊबीज झाली की पार्सलं सुटतील.